संक्षेपाचा जमाखर्च

काटकसरीची कोणतीही योजना लोकांपुढे मांडताना तिच्यापासून अधिकात अधिक लाभ किती होईल हे ठळक अक्षरांत सांगावे आणि तिच्यामुळे कोणाला किती तोशीस लागेल याचा उच्चारही करू नये, ही रीत सरकारी खात्यांपासून मोबाइलच्या दुकानांपर्यंत सर्वत्र इतकी अंगवळणी पडलेली आहे की, लाभ आणि हानी एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडणारा हिशेब दृष्टीस पडला म्हणजे त्याची आवर्जून दखल घ्यावीशी वाटते. असा एक हिशेब २००४ साली अमेरिकेतील मॅडिसन येथे, विस्कॉन्सिन विद्यापीठात, अला अलामेलदीन आणि डेव्हिड वुड या दोन संशोधकांनी मांडला. त्यांचा विषय वरकरणी अगदी तांत्रिक होता: प्रोसेसरच्या पोटात जी छोटी व अतिवेगवान कॅश मेमरी असते, तीत माहिती दाबून, संक्षिप्त करून ठेवावी, की आहे तशी मोकळी ठेवावी? त्यांच्या उत्तराचे सार तीन आकड्यांत सांगता येते. मेमरीवर फार भार टाकणाऱ्या व्यापारी कामांत संक्षेपामुळे वेग १७ टक्क्यांपर्यंत वाढला. ज्या कामांना संक्षेपाची गरजच नव्हती त्यांवर तो सरसकट लादला तेव्हा वेग १८ टक्क्यांपर्यंत घटला. आणि केव्हा दाबावे व केव्हा दाबू नये याचा निर्णय यंत्रानेच परिस्थिती पाहून घ्यावा अशी व्यवस्था केली, तेव्हा लाभ जवळजवळ तेवढाच राहून हानी मात्र कोणत्याही कामात ०.४ टक्क्यांच्या पलीकडे गेली नाही. दिसायला सर्वांत लहान असलेला हा तिसरा आकडाच तिन्हींत मोलाचा आहे आणि संगणकाच्या रचनेतील प्रत्येक काटकसरीची पारख त्याच जातीच्या आकड्यावरून व्हावी, असे माझे मत आहे.

या वादाचे मूळ समजण्यासाठी प्रोसेसरची एक जुनी व्यथा ध्यानात घ्यावी लागते. हे यंत्र जितके वेगवान तितकेच परावलंबी आहे. सेकंदाला काही अब्ज ठोके घेणारा प्रोसेसर ज्या माहितीवर काम करतो ती असते मुख्य मेमरीत, आणि तेथून एखादा आकडा मागवायचा म्हटला तर तो हाती येईपर्यंत दोनशे-तीनशे, प्रसंगी त्याहूनही अधिक ठोके वाया जातात. वेगवान मेमरी महाग म्हणून थोडी आणि स्वस्त मेमरी पुष्कळ पण संथ, ही अडचण संगणकाच्या बाल्यावस्थेपासूनची आहे. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका छोटेखानी निबंधात तिच्यावर तोड सुचवली: दहा लाख शब्दांच्या संथ मेमरीच्या दिमतीला सुमारे ३२ हजार शब्दांची वेगवान मेमरी द्यावी आणि नुकतीच लागलेली माहिती तीत आपोआप राहील अशी तजवीज करावी, म्हणजे व्यवहारात बहुतेक वेळ ती सारी मेमरीच वेगवान असल्यासारखे काम होईल. १९६८ साली आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात ही कल्पना विक्रीच्या मालात उतरली. त्यातील कॅश १६ किलोबाइटपासून पुढे मिळत असे. आज एकाच चिपवर कॅशच्या दोन-तीन पायऱ्या असतात: पहिली सर्वांत लहान व चार-पाच ठोक्यांत उत्तर देणारी, दुसरी तिच्याहून मोठी व दहा-पंधरा ठोक्यांची, तिसरी आणखी मोठी व चाळीसएक ठोक्यांची, आणि या सर्वांच्या पलीकडे ती दूरची मुख्य मेमरी.

तालुक्याच्या कचेरीत ज्यांनी कधी काम काढून घेतले असेल त्यांना हा व्यवहार सहज उमगेल. अव्वल कारकुनाच्या मेजावर चालू मिसली असतात आणि उरलेले दफ्तर मागच्या खोलीत रुमालांत बांधलेले असते. मिसल मेजावर असली तर काम तत्काळ होते, नसली तर शिपाई आत जाऊन, रुमाल सोडून, ती घेऊन येईपर्यंत कारभार खोळंबतो, आणि आलेल्या मिसलीला जागा करून देण्यासाठी मेजावरची दुसरी एखादी, बहुधा जिच्याकडे फार वेळ कोणी पाहिलेले नाही ती, आत पाठवावी लागते. आता एखाद्या चतुर कारकुनाने मजकुरातले एक अक्षरही न गाळता प्रत्येक मिसलीचा लघुलिपीत उतारा करून तोच मेजावर ठेवण्याचा शिरस्ता पाडला, तर मेजावर दुप्पट मिसली मावतील आणि शिपायाचे हेलपाटे वाचतील. पण प्रत्येक उतारा वाचताना तो उलगडण्याची तसदी घ्यावी लागेल. ज्याच्याकडे मुळात चारच मिसली आहेत त्या कारकुनाने हा खटाटोप कशासाठी करावा?

मग कॅशच मोठी का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. आणि अनेक दशके अभियंत्यांनी तेच केले. परंतु कॅशमधील एक बिट साठवण्यास सामान्यतः सहा ट्रान्झिस्टर लागतात, तर मुख्य मेमरीत तेच काम एका ट्रान्झिस्टरवर व एका कपॅसिटरवर भागते. शिवाय कॅश जितकी विस्तीर्ण तितकी तिच्या दूरच्या कोपऱ्यातून माहिती येण्यास वेळ अधिक, त्यामुळे मोठेपणा आणि चपळपणा यांचे कधीच पटत नाही. तरीही ट्रान्झिस्टर दर पिढीला लहान होत गेल्यामुळे ही अडचण निभावून नेता येत होती. अलीकडे तोही आधार डळमळीत झाला आहे. तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ५ नॅनोमीटर पिढीत कॅशच्या एका बिटाचे घर ०.०२१ चौरस मायक्रॉनचे होते, आणि ३ नॅनोमीटर पिढीच्या एन३ई या प्रकारात, जेथे गणित करणारी मंडले पुष्कळच आखडली, तेथे हे घर तेवढेच्या तेवढेच राहिले. एएमडीने २०२२ साली आपल्या रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरच्या पाठीवर ६४ मेगाबाइट कॅशची स्वतंत्र चिप चढवून तिसऱ्या पायरीची कॅश ९६ मेगाबाइटवर नेली, ती या कोंडीतून काढलेली वाट होती. वाट चांगली असली तरी खर्चाची आहे. यास्तव आहे त्याच जागेत अधिक माहिती कशी मावेल हा जुना प्रश्न पुन्हा निकडीचा झाला आहे.

माहिती दाबता येते याचे कारण असे की, संगणक तिला जेवढी जागा देतो तेवढी तिला बहुधा लागतच नाही. पूर्णांक साठवण्यासाठी ३२ बिटांचे घर ठरलेले आहे, मग त्यात साठवायची संख्या ५ असो वा दोन अब्ज असो; ५ ही संख्या लिहिली की त्या घरातील पहिली २९ बिटे निव्वळ शून्ये असतात. अलामेलदीन आणि वुड यांनी जी पद्धत वापरली तीत प्रत्येक ३२ बिटांच्या शब्दाला ३ बिटांची एक खूण जोडली जाते, आणि ती खूण सांगते की हा शब्द शून्यांच्या रांगेतला आहे, की चार बिटांत मावणारा आहे, की एका बाइटमध्ये मावणारा, की एकच बाइट चार वेळा आलेला, की या नेहमीच्या साच्यांपैकी कशातच न बसणारा म्हणून जसाच्या तसा ठेवलेला. या हिशेबाने ५ ही संख्या ३२ ऐवजी ७ बिटांत बसते. कॅशमध्ये माहितीची ने-आण ६४ बाइटच्या ‘ओळी’ करून होते आणि अशा एका ओळीत १६ शब्द असतात. सोळाही शब्द इतके लहान असतील तर साऱ्या ओळीला ११२ बिटे, म्हणजे १४ बाइट पुरतात. उलट सोळाही शब्द साच्यात न बसणारे निघाले तर प्रत्येकाला खुणेची ३ बिटे फुकट जोडली जाऊन ६४ बाइटची ओळ ७० बाइटची होते! दाबण्याच्या उद्योगात माल फुगतो तो असा. अशी ओळ मग मुकाट्याने मूळ रूपातच ठेवावी लागते. अपूर्णांकी गणिताच्या शास्त्रीय कामांत या जातीच्या ओळी पुष्कळ भेटतात, आणि बँकांच्या किंवा दुकानदारीच्या नोंदींत पहिल्या जातीच्या.

पुढे २०१२ साली गेनाडी पेखिमेन्को, ओनुर मुतलू व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून सुटसुटीत अशी एक रीत मांडली. एका ओळीतील संख्या मोठ्या असल्या तरी त्या परस्परांच्या जवळपासच्या असतात, हे तिचे मर्म. मेमरीतील पत्ते साठवणाऱ्या ओळीत आठ-आठ बाइटचे आठ पत्ते असतात, आणि ते बहुधा एकाच मोहल्ल्यातले असतात. तेव्हा पहिला पत्ता पूर्ण लिहावा आणि प्रत्येकाचे त्यापासूनचे अंतर एकेका बाइटमध्ये नोंदवावे, म्हणजे ६४ बाइटचे काम ८ अधिक ८ अशा १६ बाइटमध्ये होते. या रीतीचा खरा गुण तिच्या उलगडण्यात आहे: सर्व बेरजा एकाच वेळी करता येत असल्यामुळे दाबलेली ओळ जवळजवळ एका ठोक्यात पूर्ववत होते, तर २००४ च्या पद्धतीत त्यासाठी पाच ठोके धरलेले होते.

दाबण्याची युक्ती सापडली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. रचनाकाराची खरी कसोटी पुढेच आहे. साधी कॅश वेगवान असते याचे एक कारण असे की, तिच्यातील सर्व घरे एका मापाची असतात आणि प्रत्येक घराची नावनिशी, जिला अभियंते टॅग म्हणतात, ती त्या घराशी कायमची बांधलेली असते. दाबलेल्या ओळी मात्र कोणी १६ बाइटची, कोणी ४०, कोणी पूर्ण ६४ बाइटची. त्यांना एकमापी घरे दिली तर वाचलेली जागा रिकामी पडून राहते आणि बचत कागदावरच उरते. माप सोडून दिले तर कोणती ओळ कोठून सुरू होते याचा शोध घेण्यातच वेळ जातो. मॅडिसनच्या रचनेत यावर असा तोडगा काढला होता की, कॅश ज्या छोट्या छोट्या संचांत विभागलेली असते त्यांतील प्रत्येक संचात जागा चार मोकळ्या ओळींपुरतीच, म्हणजे आठ-आठ बाइटचे ३२ तुकडे, पण नावनिश्या मात्र आठ. ओळ जेवढी दाबली जाईल तेवढे तुकडे तिने घ्यावेत, मोकळी असेल तर तिने आठ तुकडे अडवावेत, आणि दोन्ही जातींच्या ओळींनी एकाच संचात शेजारी नांदावे. या सहवासात कटकटीही आहेत. दाबून ठेवलेल्या ओळीत प्रोसेसरने एखादी मोठी संख्या लिहिली की ती ओळ फुगते, तिला नवे तुकडे लागतात, आणि तिच्यापायी शेजारच्या एखाद्या ओळीला बाहेरची वाट धरावी लागते. पहिल्या पायरीच्या कॅशला, जेथे एकेक ठोका मोलाचा, हा सारा उपद्व्याप सोसणारा नाही. म्हणून तेथे सर्व माहिती मोकळीच ठेवावी आणि संक्षेप दुसऱ्या पायरीपासून सुरू करावा, असा विवेक त्यांनी केला.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पाच ठोक्यांचा दंड कोण भरतो, आणि टळलेल्या फेऱ्याचा नफा कोण घेतो? ज्या प्रोग्रॅमचा पसारा कॅशमध्ये मावत नाही त्याला दुप्पट ओळींचा लाभ होतो आणि त्यापुढे दंड किरकोळ ठरतो. परंतु ज्याचा पसारा आधीच कॅशमध्ये बसत होता त्याला लाभ शून्य आणि दंड मात्र प्रत्येक वाचनाला. १७ आणि १८ टक्क्यांचे ते दोन आकडे एकाच यंत्राचे आहेत. फरक फक्त चालणाऱ्या कामाचा. सरसकट संक्षेपाच्या बाजूने सरासरी काढून दाखवणाऱ्याला नफा सहज सिद्ध करता येईल, पण सरासरीच्या त्या पडद्याआड एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याकडून वसुली चाललेली असेल, आणि ज्याच्याकडून ती होते त्याने कधी तक्रारही केलेली नसेल, कारण आपला प्रोग्रॅम पूर्वीपेक्षा मंद का झाला हे सांगणारी पावती संगणक कोणालाच देत नाही.

या अन्यायावर मॅडिसनच्या रचनेत केलेला उपाय मला फार मार्मिक वाटतो, कारण त्यासाठी भविष्याचे कोणतेही गूढ ज्ञान लागत नाही. लागते ती फक्त चोख खतावणी. संचातील आठ नावनिश्या, सर्वांत अलीकडे वापरलेली प्रथम आणि सर्वांत जुनी शेवटी, अशा क्रमाने लावलेल्या असतात. मागितलेली ओळ पहिल्या चारांत सापडली तर ती साध्या कॅशमध्येही सापडलीच असती. ती दाबलेली असेल तर तिला उलगडण्याचा खर्च निष्कारण झाला, म्हणून पाच ठोके खर्ची टाकायचे. ती पाचव्या ते आठव्या क्रमांकात सापडली तर ती केवळ संक्षेपामुळे शिल्लक राहिली होती. तेव्हा मुख्य मेमरीचा वाचलेला फेरा जमेस धरायचा. आणि ती जागेअभावी बाहेर गेलेली असून तिची नावनिशी तेवढी उरली असेल, तर सर्व ओळी दाबून ठेवल्या असत्या तर ती राहिली असती काय, हे आकारांच्या बेरजेवरून ताडून, राहिली असती असे ठरल्यास तोही फेरा संक्षेपाच्या बाजूने मांडायचा. या जमाखर्चाची शिल्लक एका साध्या गणकात राहते. तो धन असेल तोवर नव्या ओळी दाबून ठेवायच्या, ऋण झाला की मोकळ्या. मुख्य मेमरीचा एक फेरा ४०० ठोक्यांचा धरला तर एका टळलेल्या फेऱ्याने ऐंशी दंडांची भरपाई होते, हे प्रमाणही त्यात आपोआप येते. कामाचे स्वरूप पालटले की शिल्लक पालटते आणि तिच्याबरोबर धोरणही. कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणूनच ०.४ या आकड्याला मी थोर म्हणतो. १७ टक्क्यांचा लाभ हे कल्पकतेचे फळ आहे आणि कल्पक माणसे जगात पुष्कळ असतात. परंतु ज्याला आपल्या कल्पनेचा उपयोग नाही त्याला तिची झळ लागू नये, एवढ्यासाठी आपल्याच कल्पनेच्या विरुद्ध पुरावा गोळा करणारे यंत्र तिच्या शेजारी बसवणे, याला कल्पकतेपेक्षा निराळा गुण लागतो. सर्वसाधारण वापराचा प्रोसेसर तर विशेषच या गुणाचा मिंधा असतो. कारण एकच चिप बँकेत जाते, हवामानखात्यात जाते आणि शाळेतल्या मुलाच्या लॅपटॉपमध्येही जाते, व तिच्या कर्त्याला आपला ग्राहक कोण हे आधी ठाऊक नसते.

या मताविरुद्ध आक्षेप आहेत आणि ते दुबळे नाहीत. पहिला आक्षेप गुंतागुंतीचा. दुप्पट नावनिश्या, आकारांच्या नोंदी, दाबणारी व उलगडणारी मंडले आणि वर हे हिशेबखाते, या सर्वांना चिपवर जागा लागते, वीज लागते, आणि त्यांची निर्दोषता तपासण्यास अभियंत्यांचे महिने लागतात; याच कारणांनी सर्वसाधारण संगणकांच्या प्रोसेसरांत कॅशचा संक्षेप अद्याप रूढ झालेला नाही, असे जाणकार म्हणतात. आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर परिस्थितीच देत आहे: कॅशच्या बिटाचे घर आखडेनासे झाल्यावर जागेची किंमत वाढली, तर गणित करणारी मंडले स्वस्तच होत गेली, आणि संक्षेप म्हणजे स्वस्त झालेले गणित खर्चून महाग झालेली जागा वाचवणे. मुख्य मेमरीच्या एका फेऱ्याला लागणारी वीज साध्या बेरजेच्या हजारो पट असते, हेही या पारड्यात टाकले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, संक्षेप इतरत्र बिनबोभाट चालू असताना कॅशमध्येच एवढा विवेकाचा बडेजाव कशाला? ॲपलने २०१३ साली आपल्या मॅक संगणकांच्या मॅव्हरिक्स या आवृत्तीत मुख्य मेमरीतील निरुपयोगी पडलेली पाने दाबून ठेवण्यास आरंभ केला, विंडोज १० मध्ये तीच सोय आली, आणि आपल्याकडील बहुसंख्य लोकांच्या हाती असलेल्या अँड्रॉइड फोनांत झेडरॅम या नावाने हेच काम रात्रंदिवस चालते. पण तेथे तुलना डिस्कशी किंवा फोनच्या साठवणुकीशी आहे, जिच्यापुढे उलगडण्याचा वेळ नगण्य ठरतो; शिवाय जी पाने दाबायची ती बराच काळ कोणी न मागितलेली अशी निवडून घेतलेली असतात. म्हणजे तेथेही विवेक आहेच, फक्त त्याला फुरसत अधिक मिळते. एनव्हिडियाने २०२० साली ए१०० या चिपच्या ४० मेगाबाइटच्या दुसऱ्या पायरीच्या कॅशमध्ये संक्षेपाची सोय दिली आणि तिची धारणशक्ती दुपटीपर्यंत वाढू शकते असे सांगितले. तेथे चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांत शून्यांची रेलचेल असते. ग्राहक आणि त्याचा माल यांची अशी ओळख असेल तेथे धोरण सैल ठेवता येते. जेथे ती नाही, तेथे चोख हिशेबाला पर्याय नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि २००४ च्या खतावणीत त्याला रकानाच नव्हता. २०२० साली एमआयटी व अन्य विद्यापीठांतील संशोधकांनी दाखवून दिले की, दाबलेल्या ओळीचा आकार तिच्यातील मजकुराविषयी चहाडी करतो. हल्लेखोराला आपली माहिती दुसऱ्याच्या गुप्त माहितीच्या शेजारी, एकाच ओळीत, ठेवता आली, तर तो एकामागून एक अंदाज लिहीत जातो. अंदाज गुप्त मजकुराशी जुळला की ती ओळ अधिक दाबली जाते, संचात अधिक जागा उरते, आणि ती उरली की नाही हे वाचनाला लागणारा वेळ मोजून ताडता येते. याच तत्त्वावर २०१२ साली वेबवरील सुरक्षित संदेशवहनातील संक्षेप फोडण्यात आला होता आणि तेथे तो संक्षेप बंदच करणे भाग पडले. २०१८ च्या आरंभी उजेडात आलेल्या स्पेक्टर व मेल्टडाउन या दोषांनी कॅश ही चहाडखोर असते हे जगाला शिकवलेच होते. संक्षेपाने तिला आणखी एक जीभ दिली. यावर माझे मत असे की, गुप्त किल्ल्या, पासवर्ड आणि तत्सम मजकूर ज्या पानांवर असेल ती पाने कधीही दाबू नयेत असे बजावण्याचा अधिकार प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला असला पाहिजे, आणि निरनिराळ्या मालकांची माहिती असलेल्या यंत्रांत हे बजावणे ऐच्छिक न ठेवता मूळ रचनेतच असले पाहिजे. वेगाच्या जमाखर्चाला विश्वासाचा रकाना जोडला नाही तर शिल्लक कितीही धन दिसली तरी ती फसवी असते.

आपल्या देशाचा या प्रश्नाशी संबंध केवळ ग्राहक म्हणून आहे असे कोणी समजू नये. आयआयटी मद्रासने शक्ती आणि सी-डॅकने वेगा या नावाने आरआयएससी-व्ही या खुल्या पद्धतीचे प्रोसेसर रचले आहेत. चिप घडवण्याचा कारखाना उभारण्यास हजारो कोटी रुपये लागतात. कॅशच्या धोरणाचा अभ्यास करण्यास ते लागत नाहीत. मॅडिसनचे ते तीन आकडे संपूर्ण संगणकाची प्रतिकृती सॉफ्टवेअरमध्ये चालवून मिळालेले आहेत, आणि आज जेम५ सारखे सिम्युलेटर विनामूल्य मिळतात. पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी संगणकशास्त्राचे जे असंख्य प्रकल्प दाखल होतात, त्यांतील थोड्यांनी जरी मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रॅमांची माहिती कितपत दाबली जाते हे मोजले, तरी ते काम नुसत्या वेबसाइटी बनवण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडेल. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी सारखाच असतो. इतकी ठसठशीत पुनरुक्ती चार-चार बाइटच्या साच्यांना दिसते की नाही, हा प्रश्न इंग्रजी मजकुरावर प्रयोग करणाऱ्याला पडण्याचे कारण नाही. तो आपणच विचारला पाहिजे.

आणि ग्राहक म्हणूनही आपण अधिक चोखंदळ व्हावयास हरकत नाही. गेली काही वर्षे आपल्या बाजारात ‘८ अधिक ८ जीबी’ अशा पाट्या लावून फोन विकले जातात. त्यांतील दुसरे आठ ही खरी मेमरी नसून फोनच्या संथ साठवणुकीचा राखून ठेवलेला भाग असतो, आणि तो वापरताना किती विलंब होतो हे पाटीवर नसते. संगणकांची सरकारी खरेदी करणाऱ्या खात्यांच्या निविदांतही मागणी प्रायः जीबी आणि गिगाहर्ट्‌झ यांचीच. तेथे एक कलम वाढवावे: विक्रेत्याने आपल्या यंत्रातील प्रत्येक काटकसरीच्या युक्तीचा सर्वोत्तम परिणाम सांगताना तिचा सर्वांत वाईट परिणामही, कोणत्या कामात तो दिसतो यासह, लेखी द्यावा. जो देणार नाही त्याचे सतरा टक्के हिशेबात धरू नयेत.